वारो परत कशाला आला?

“सर, एवढं सगळं हरल्यावर तो परत कशाला आला?”

प्रश्न माझा नव्हता. तमन्ना मुलाणीनं तो वहीच्या कोपऱ्यात लिहून माझ्याकडे सरकवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘विचारून दाखव. वडापाव माझ्याकडून.’ मागच्या बाकावरून अपेक्षा घाडगेनं पेनाचं टोपण माझ्या पाठीत टोचलं, म्हणजे तिचाही कटाला पाठिंबा होता. दोघींचा हेतू चांगला होता. मी आठवडाभर हजेरीच्या ‘हजर’पलीकडे वर्गात एक शब्द बोलले नव्हते, आणि जी मुलगी एरवी शिक्षकांना वाक्य पुरं करू देत नाही ती गप्प बसली की मैत्रिणींना चैन पडत नाही.

म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं. वर्ग एकदम शांत झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणी रोमच्या सेनापतीचा विचार करत नाहीये. सगळे माझ्या पप्पांचा विचार करतायत. तमन्नानं कपाळाला हात लावला. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं होतं.

तेव्हा मी नववीत होते. नववीच्या पुस्तकात रोम नाही. पण लोखंडे सरांच्या तासाला पुस्तक फक्त हजेरी होईपर्यंत उघडं असायचं. त्या वर्षी शाळेच्या हस्तलिखिताचा विषय सरांनी ठेवला होता ‘असं झालं असतं तर’, आणि आदल्या वर्षीचा अनुभव जमेस धरून अट घातली होती की पानिपत सोडून काहीही लिहा. आदल्या वर्षी सगळ्या वर्गानं पानिपत जिंकून टाकलं होतं. एकीनं तर अटकेच्या पुढं नेऊन रशियापर्यंत भगवा लावला होता. तर पोरींना पानिपताबाहेरची लढाई माहीत व्हावी म्हणून सर दोन दिवस कॅनीची लढाई सांगत होते.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडून इटलीत उतरला. त्याच्याशी लढायला रोमनं एकदमच दोन सेनापती पाठवले. हुकूम एक दिवस याचा, एक दिवस त्याचा.

“मॉनिटरसारखं,” अपेक्षा म्हणाली होती.

“मॉनिटरसारखंच,” सर म्हणाले होते, “आणि तितकंच भांडण.”

पॉलस खानदानी, सावध. वारो खाटकाचा मुलगा, साध्या लोकांनी निवडून दिलेला, निदान जुने इतिहासकार तसं म्हणतात. यावर तमन्नानं मान ताठ केली, कारण बाजारपेठेतलं मटणाचं दुकान तिच्या अब्बांचं. वारोचा दिवस होता तेव्हा लढाई झाली. रोमचं सैन्य कितीतरी मोठं, पण हॅनिबलनं त्याला चारी बाजूंनी कोंडलं आणि दिवस मावळेपर्यंत पन्नासेक हजार माणसं कापली. पॉलस मेला. वारो घोड्यावरून निसटला, उरलेसुरले शिपाई गोळा केले आणि रोमला परत आला. इथपर्यंत सर आले होते आणि मी तो प्रश्न विचारला होता.

सरांनी खडू ठेवला.

“का आला ते त्यानं कुठं सांगून ठेवलेलं नाही,” ते म्हणाले. “आला नसता तर काय झालं असतं, तेही कुणी लिहिलेलं नाही. तू लिही.”

“पण आल्यावर लोकांनी काय केलं त्याचं?”

“ते आत्ता सांगितलं तर तू तेच लिहिशील. आधी तुझं आण.”

घंटा झाली. तमन्नानं वडापाव दिला. स्वतःचाही अर्धा दिला.

पप्पांचं सांगते. आमचं सोनवळ धड गाव नाही, धड शहर नाही. नगरपंचायत झाली तेव्हा पाटी तेवढी बदलली. पप्पा, म्हणजे विलास दुधाळ, गावातले एकमेव मंडपवाले. बारसं असो, लग्न असो, तेराव्याचं जेवण असो, कापड आमचंच. चार लोकांनी भरीला घातलं आणि पप्पा आमच्या प्रभागातून रणधीर इनामदारांच्या विरोधात उभे राहिले. इनामदार म्हणजे आजोबांपासून निवडून येणारं घर. पप्पांना मात्र खात्री होती. ते म्हणायचे, “ज्याच्या घरी मी मांडव घातला नाही असं एक घर दाखव.”

आणि त्या खात्रीपायी त्यांनी एक चूक केली, जी मंडपवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. मोठा मंडप उभा करायला अख्खा दिवस जातो. निकाल दुपारी लागणार, मग घाईघाईनं पाईप ठोकत बसायचं? ऐन वेळेला धावत येणारा मंडपवाला असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, ते स्वतःच्या सत्काराला कशाला ऐकून घेतील? म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशीच त्यांनी बाजारतळावर मंडप घातला. पिवळं कापड, लाल झालर, पुढं कमान.

“निकाल तरी लागू द्या आधी,” आई म्हणाली होती.

“मुहूर्ताला मंडप तयार लागतो. मंडपासाठी मुहूर्त थांबत नाही,” पप्पा म्हणाले होते.

ते पडले. थोडक्यात नाही, चांगले सपाटून पडले. आमच्या गल्लीनंसुद्धा त्यांना मत दिलं नव्हतं. संध्याकाळी इनामदारांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली, जेसीबीतून गुलाल उधळत. दारासमोर जरा जास्तच थांबली. कुणीतरी ओरडलं, “दुधाळ, बाजारतळावरचा मंडप मोकळा हाय का?” आणि अख्खी मिरवणूक हसली. पप्पांनी उठून खिडकी लावून घेतली. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. आणि मंडप उतरवायचा म्हणजे बाहेर पडावं लागतं, त्यामुळे मंडप उभा तो उभाच.

माझा मामा हडपसरला असतो. तिथल्या एका मोठ्या लॉन्सवर व्यवस्था बघणारा माणूस हवा होता. मामाचा रोज फोन यायचा. परीक्षा झाली की दुकान आवरून सगळ्यांनी तिकडं जायचं, माझी दहावी तिकडं, असं आई आणि मामाचं ठरत आलं होतं. पप्पा नाही म्हणत नव्हते. ते कशालाच काही म्हणत नव्हते. आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

वर्गात तो प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी इनामदारांकडचा सुभाष दारात आला. पप्पा आतल्या खोलीत होते. मध्ये फक्त पडदा.

“वहिनी, रविवारी दादांचा सत्कार हाय. मंडप उभाच हाय तर त्यातच उरकू म्हणालं दादा. फक्त पिवळं काढून गुलाबी लावाय सांगितलंय.”

“विचारून सांगते,” आई म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? हायतच की आत.”

“विचारून सांगते म्हटलं ना, भाऊजी.”

तो गेला. पडद्याआडून आवाज आला, “पाडून न्या म्हणावं मंडप. जाळा म्हणावं.”

“कोण पाडणार?” आई म्हणाली. “तुमच्या गड्यांना तुमच्याशिवाय एक गाठ सुटत नाही.”



मी जेवून गोष्ट लिहायला बसले. मला ती फार सुंदर सुचली, असं माझं तेव्हाचं मत. वारो परत येतच नाही. तो दाढी वाढवतो, नाव बदलतो आणि लांबच्या एका बंदरावर मटणाचं दुकान टाकतो. इकडं रोमचे लोक त्याची वाट बघतात. शिव्या द्यायला का होईना, कुणीतरी यायला हवा. तो येत नाही म्हटल्यावर एक शेजारी दुसऱ्याला सांगतो की तोच पळाला, तर आपण कशाला थांबायचं. मग एक घर गाडी भरतं. त्याला बघून दुसरं भरतं. हॅनिबल येतो तेव्हा वेस सताड उघडी आणि आत चिटपाखरू नाही. त्याला वाटतं ही काहीतरी युक्ती आहे. तो देवळाच्या पायरीवर बसून राहतो, कुणीतरी हरायला येईल म्हणून. बऱ्याच वर्षांनी बंदरावरच्या दुकानात एक खलाशी मटण घ्यायला येतो. वारो विचारतो, रोमची काय खबर? खलाशी म्हणतो, रोम? ते कुठं आलं?

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शाळा सुटल्यावर मी आणि तमन्ना बाजारतळावर गेलो. खरं म्हणजे मी निकालानंतर तिकडं फिरकले नव्हते, तमन्नानं ओढून नेलं. मला वाटलं होतं मंडप ओसाड असेल, कुत्री बसली असतील. आत शिरायला जागा नव्हती. निम्मा बाजार मंडपाखाली आला होता. भाजीवाल्या, बांगड्यांवाला, चप्पलवाला, सगळे. जिथं पप्पांच्या सत्काराची खुर्ची येणार होती तिथं कमळामावशीनं मेथी आणि गाजरं मांडली होती.

आम्ही एका पाईपाला टेकून बसलो आणि मी तमन्नाला गोष्ट वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली.

“मटणाचं चुकलंय,” ती म्हणाली.

“काय चुकलंय?”

“नाव बदलेल, दाढी वाढवेल, सगळं करेल. पण सुरी धरायची सवय कशी बदलेल? माझे अब्बा कुठंही जाऊन दुकान टाकू देत, मी मागून हात बघून ओळखीन. पहिल्याच गिऱ्हाइकानं ओळखलं असतं त्याला.”

“इतकं कोण बघतं?”

“सगळे बघतात. तू बघत नाहीस, कारण तू बोलत असतेस.”

मी तिला काही लागट बोलणार होते, तेवढ्यात वारं सुटलं. ओढ्याच्या बाजूचं कापड फुगलं आणि कोपऱ्यातला पाईप कुरकुरला. भाजीवाल्यांनी वर बघितलं. मी जाऊन बघितलं तर त्या कोपऱ्याचा ताणाचा दोर ढिला पडलेला. आता मी मंडपवाल्याची मुलगी. मी तमन्नाला दोर धरून मागं रेलायला लावलं आणि स्वतः खुंटापाशी बसून गाठ घातली. तमन्ना रेलली, पण तिचं वजन ते किती. गाठ बसली खरी, दोर काही ताठ झाला नाही.

“आगं विलासची तू,” कमळामावशी म्हणाली. “बापाला सांग, वड्याच्या अंगाचा दोर ढिला झालाय. इतकं दिस झालं, येऊन बघितला न्हाय त्यानं. आजारी हाय का?”

“नाही.”

“मग?”

मला वाटलं ती मुद्दाम विचारतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं तर तसं काही दिसेना.

“निवडणूक हरले ना ते,” मी म्हणाले.

“ते म्हाईत हाय की. म्या बी इनामदारालाच दिलं मत.” गाजरावर पाणी मारता मारता ती सांगत होती. “रस्ता त्येच्याकडनंच व्हनार, वरपातुर वळख हाय त्येची. पण मंडपाचं काय? त्यो काय इनामदार येऊन बांधनार हाय व्हय?”

बांगड्यांवाला हसला. तमन्ना हसली. मला हसावं की रागवावं ते कळेना. मावशीनं मेथीची एक जुडी माझ्या दप्तरावर टाकली. “आईला दे. आन दोराचं सांग, इसरू नगंस. माझ्या डोस्क्यावर आला म्हंजी?”

त्या दिवशी मी ते घरी सांगितलं नाही. मेथी दिली, निरोप दिला नाही. कसा देणार? मावशीनं मत कुणाला दिलं हे त्या निरोपातच बांधलेलं होतं, मला दोन्ही वेगळं करता येईना.

शनिवारी सकाळच्या शाळेत मी सरांना गोष्ट दाखवली. सर व्हरांड्यात उभ्या उभ्याच वाचत राहिले. मध्ये एकदा हसले.

“हॅनिबल पायरीवर बसतो ते छान आहे,” ते म्हणाले. “आणि हे अगदीच हवेतलं नाही बरं का. लढाईनंतर काही बड्या घरच्या तरुणांनी खरंच ठरवलं होतं, देश सोडून समुद्रापार जायचं. त्यांना तलवार दाखवून थांबवावं लागलं.”

“आता सांगा सर. तो आल्यावर काय झालं?”

“तुला काय वाटतं?”

“मारलं असेल. किंवा गाढवावर बसवून धिंड.”

“कार्थेजचा असता तर सुळावर गेला असता. तिथं हरलेल्या सेनापतींना तसंच करत.” सरांनी कागद माझ्या हातात परत दिले. “रोमचे लोक वेशीबाहेर त्याला सामोरे गेले. सगळ्या थरांतले, घोळक्यानं. आणि त्याचे आभार मानले.”

मी सरांकडे बघत राहिले. ते चेष्टा करत नव्हते.

“कशाबद्दल?”

“आशा सोडली नाही म्हणून.”

“पन्नास हजार माणसं मेली होती, सर. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी असणार.”

“असणारच.”

“मग त्यांनी माफ केलं त्याला?”

“माफीचं कुणी काही बोलल्याचं वाचनात नाही. पुढं त्याला काम दिलं. एवढं आहे. बरीच वर्षं रोमसाठी कुठं ना कुठं राबत होता.”

“पुन्हा मोठी लढाई जिंकला?”

“छे.”

“मग?”

“मग काही नाही. कामं करत होता.” सर चष्मा पुसायला लागले. “मला स्वतःला हे दरवेळी थोडं खोटं वाटतं. म्हणून दरवेळी परत वाचतो. तुझी गोष्ट घेतोय मी हस्तलिखितात, पण शेवटी कंसात खरं काय झालं ते लिही.”

मी सायकल काढली आणि घराच्या वाटेनं न जाता बाजारतळावरून गेले. बाजार उठलेला, मंडप रिकामा. मावशीच्या जागी गाजराची पानं पडली होती. माझी गाठ सरकून खुंटाच्या टोकाशी आली होती. रात्रीचं वारं आलं असतं तर कोपरा गेला असता. मी दोर दोनदा ओढून बघितला आणि घरी आले.

रात्री जेवायला बसलो होतो. मेथीचीच भाजी होती. पप्पा भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले होते. आई सांगत होती की मामाला आज हो किंवा नाही कळवायचंय, मालकाकडे दुसरा माणूस आलाय. आणि सुभाष दुपारी पुन्हा येऊन गेला, उद्याच सत्कार, कापडाचं काय म्हणून विचारत होता.

“त्याला काही सांगायचं नाही,” पप्पा म्हणाले. “मामाला हो म्हण.”

आईनं फोन हातात घेतला.

“पप्पा, ओढ्याच्या बाजूचा ताण ढिला झालाय,” मी म्हणाले.

पप्पांनी मान वर केली. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

“कुणी सांगितलं?”

“कमळामावशीनं. गुरुवारी. सगळा बाजार मंडपातच बसला होता. मी पण बघितला.”

“खुंट हललाय का दोर?”

“दोर. गाठ सरकलीय.”

“माझी गाठ सरकत नाही.”

“तुमची नाही. तुमच्यावर मी घातलेली.”

“तू?” त्यांनी भाकरी ताटात ठेवली. “ताण कुणी धरला होता?”

“तमन्नानं.”

“त्या काडीनं? मग सरकणारच. दोन माणसांचं वजन लागतं त्या कोपऱ्याला, ओढ्याकडनं सरळ वारं येतं तिथं.” ते दाराकडे बघायला लागले. “अजून काय म्हणाली कमळा?”

आई फोन हातात धरून तशीच बसली होती.

“म्हणाली, मत इनामदारांना दिलं,” मी म्हणाले. “आणि म्हणाली, मंडप काय इनामदार येऊन बांधणार हाय व्हय.”

आईनं डोळे मिटले.  पप्पांचा एक हात ताटाच्या कडेला होता आणि बोटं, त्यांच्याही नकळत, अंगठ्यावरून वळून आत जात होती, पुन्हा बाहेर येत होती. ती गाठ मला पाठ होती.

फोन वाजला. मामा. आई उचलायला गेली, मी तिच्या हातावर हात ठेवला.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “मी हडपसरला येत नाही. दहावी इथंच करणार. तुम्ही दोघं गेलात तर मी तमन्नाकडे राहीन, तिच्या अम्मीला विचारलंय. आणि उद्या उजाडलं की मी बाजारतळावर जाणार आहे. ती गाठ पूर्ण सोडणार आणि नव्यानं घालणार. गाठ सोडली की कोपरा कुणीतरी धरावा लागतो, पप्पा, नाहीतर मंडप खाली येतो. मी खुंटापाशी बसलेली असेन.”